मिन्नल मुरली: वीज एकच, माणसं दोन

ज्यांना कानात इअरफोन घालून पाऊण तास माझी बडबड ऐकायची नाहीये, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना जे फारच भरकटलं होतं ते आवरलंय. भाषा मात्र बोलण्याचीच ठेवली आहे, तेवढं चालवून घ्या.

आजचा प्रश्न असा की, सुपरहिरोचा पिक्चर विनोदी असेल तर त्याला चांगला किंवा वाईट कशावरून म्हणायचं? गंभीर पिक्चरबद्दल आपण लगेच पटकथा, अभिनय वगैरे बोलायला लागतो. विनोदी असला की ‘टाइमपास आहे, डोकं बाजूला ठेवून बघ’ एवढ्यावर विषय मिटतो. मला हे काही पटत नाही. डोकं बाजूला ठेवून मी फक्त सोमवार सकाळच्या स्टँडअप मीटिंगला बसतो. पिक्चर बघताना ते मला लागतं.

उदाहरण म्हणून घेतलाय ‘मिन्नल मुरली’. मल्याळम पिक्चर, दिग्दर्शक बेसिल जोसेफ, 24 डिसेंबर 2021 ला नेटफ्लिक्सवर आलेला. मल्याळममध्ये ‘मिन्नल’ म्हणजे वीज. मी तो आत्तापर्यंत चार वेळा पाहिलाय, त्यातला एकदा आईबरोबर, त्याबद्दल पुढे सांगतो. आणि हो, यापुढे सगळी गोष्ट फुटणार आहे. पाहिला नसेल तर टॅब बंद करा, आधी पिक्चर बघा आणि मग या. मी इथेच आहे.

थोडी माहिती आधी. बेसिल जोसेफ हा वायनाडचा माणूस. तिरुवनंतपुरमच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल केलं, मग इन्फोसिसमध्ये नोकरी, आणि मग सिनेमात. 2015 ला ‘कुंजीरामायणम’, 2017 ला ‘गोधा’, आणि तिसरा पिक्चर थेट सुपरहिरोचा. आमच्या टीममध्ये हे सांगितलं तेव्हा दोघांनी लगेच ‘म्हणजे आपलंही होऊ शकतं’ असा चेहरा केला. होऊ शकतं, पण आधी जिरा बंद करा.

गोष्ट नव्वदच्या दशकातल्या केरळच्या एका कुरुक्कनमूला नावाच्या काल्पनिक गावात घडते. जेसन हा शिंप्याचा पोरगा, स्वतःही शिंपी. गाव त्याला छोटं पडतं, अमेरिकेला जायचं खूळ डोक्यात, आणि प्रेमप्रकरण नुकतंच मोडलेलं. दुसरा शिबू. चहाच्या टपरीवर राबणारा, गावाने ‘वेडा’ ठरवून टाकलेला माणूस. एकाच रात्री या दोघांवर वीज पडते आणि दोघांच्याही अंगात ताकद येते. जेसन हिरो होतो, शिबू व्हिलन.

आता इथे इंजिनिअर म्हणून मला पहिल्यांदा मजा वाटली. कुठलाही प्रयोग करताना आपण काय करतो? एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं ठेवतो आणि फरक कशाने पडला ते बघतो. इथे वीज तीच, गाव तेच, रात्र तीच. दोघेही प्रेमात हरलेले. शिबू तर जेसनपेक्षा कितीतरी जास्त वर्षं एकाच बाईवर जीव लावून बसलेला. मग एक इकडे आणि एक तिकडे का गेला? पिक्चरचं उत्तर अगदी घरगुती आहे. जेसनला घर आहे. शिव्या घालणारा पण जेवायला वाढणारा बाप आहे, बहीण आहे, पोलिसात असलेला खडूस मेहुणा आहे, आणि जोसमोन नावाचा भाचा आहे, जो कॉमिक्स वाचून वाचून तयार झालाय. अंगात आलेली ताकद कशासाठी असते हे जेसनला हा भाचाच शिकवतो. शिबूला असं शिकवणारं कोणीच नाही.

माझं मोजमाप याच्याशीच जोडलेलं आहे. विनोदी सुपरहिरो पिक्चरमध्ये विनोद दोन प्रकारचे असतात. एक विनोद प्रसंगातली हवा काढून घेतो. म्हणजे काहीतरी गंभीर होतंय, प्रेक्षक जरा हळवा होतोय, तेवढ्यात कोणीतरी एक पंच टाकतं आणि सगळे सुटल्यासारखे हसतात. दुसरा विनोद माणसातून निघतो. तो माणूस तसाच आहे म्हणून तो प्रसंग हसू आणतो, आणि हसून झाल्यावर तो माणूस आपल्या जास्त जवळचा झालेला असतो. पहिला प्रकार वाईटच असतो असं नाही. ‘थॉर: रॅग्नारोक’मध्ये 2017 साली तायका वाइटीटीने तोच प्रकार वापरला आणि मी थिएटरात खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. तो पिक्चर कधी स्वतःला फार मनावर घेतच नाही, त्यामुळे हवा काढली तरी काही बिघडत नाही. पण त्याच दिग्दर्शकाचा 2022 चा ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ बघा. जेन फॉस्टरला चौथ्या टप्प्याचा कॅन्सर आहे, आणि शेजारी किंचाळणाऱ्या बोकडांचा विनोद चाललाय. एकदा, दोनदा, पाचदा. मला दोन्हींपैकी कशाचंच काही वाटेना. कॅन्सरचं दुःख होईना, आणि बोकडांवर हसू येईना.

‘डेडपूल’ ही तिसरीच जात आहे. तिथे हिरो कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशीच बोलतो, पिक्चरची स्वतःचीच टर उडवतो. 2016 चा पहिला भाग 5.8 कोटी डॉलरमध्ये झाला, जो त्यांच्या हिशोबाने चिल्लर खर्च आहे, आणि त्या गरिबीवरही त्यांनी विनोद केले. मला आवडला तो. पण त्यातले निम्मे विनोद कळायला आधीचे दहा पिक्चर पाहिलेले असावे लागतात. ते न पाहिलेल्या मित्राला शेजारी बसवून मी समजावत बसलो, तर तो म्हणाला, ‘तू एकटाच बघ बाबा.’

‘मिन्नल मुरली’ दुसऱ्या प्रकारात मोडतो. जेसन पहिल्यांदा ताकद वापरतो ती गावाला वाचवायला नाही, तर तोंडावर कापड बांधून पोलिसांना बदडायला. अगदी खरं आहे हे. तुम्हाआम्हाला उद्या अशी ताकद मिळाली तर आपण काही लगेच मानवजातीच्या कल्याणाला लागणार नाही. आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाऊ. नंतर जोसमोन त्याच्या चाचण्या घेतो, काय जमतं काय नाही ते बघतो, तेव्हा मामाभाच्यांचं जे चालतं ते बघून हसू येतं, आणि त्याच वेळी मामाला थोडं थोडं कळायलाही लागतं. मग ‘ब्रूस ली’ बिजी. गावात कराटेही शिकवते आणि ट्रॅव्हल एजन्सीही चालवते. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी राहिलेल्या कोणालाही हे मुळीच खोटं वाटणार नाही. आमच्याकडे एकच माणूस झेरॉक्स, टायपिंग, एलआयसी आणि लग्नाची पत्रिका असं सगळं बघायचा.

मारामारीचंही तसंच. अॅक्शनसाठी व्लाड रिमबर्ग हा बाहेरचा माणूस आणला होता, आणि दृश्यं नेटकी आहेत. पण मला आवडलं ते हे, की अंगावर मुंडू असलेला हिरो मुंडू नेसलेला माणूस जसा पळेल तसाच पळतो. दरीच्या तोंडाशी गेलेल्या बसचा प्रसंग बघताना ‘स्पायडरमॅन 2’ मधली ट्रेन आठवणारच, त्याला इलाज नाही. फरक एवढाच की इथे आत बसलेले लोक आपण मागच्या दीड तासात ओळखायला लागलोय.

जाता जाता एक गोष्ट. केरळ राज्य पुरस्कारांमध्ये या पिक्चरला वेशभूषेचं पारितोषिक मिळालं. शिंपी हिरो असलेल्या पिक्चरला कपड्यांचं बक्षीस! हा योग मला फार आवडला.

बरं. आता शिबू. खरं तर या भागाचं कारण तोच आहे.

ही भूमिका केली आहे गुरु सोमसुंदरमने. तमिळ नाटकातला माणूस, चेन्नईच्या ‘कूत्तुपट्टरै’ या नाट्यसंस्थेतून आलेला. त्याआधी ‘आरण्य कांडम’ आणि ‘जोकर’ या तमिळ पिक्चरमध्ये ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यांना तो माहीत होता, बाकी देशाला नव्हता. शिबू पहिल्यांदा दिसतो तेव्हा आपण त्याला हसतो. त्याचं एकटक बघणं, अवेळी हसणं, अंग चोरून चालणं. टपरीवरचे लोक त्याला टोचून बोलतात आणि ते बोलणं खरंच गमतीचं लिहिलंय, म्हणून आपण गावाबरोबर हसतो. दिग्दर्शकाने इथे एक चलाखी केलीय, जी मला दुसऱ्यांदा बघताना कळली. पहिल्या तासातला गावरान विनोद ज्या तोंडांतून येतो, तीच तोंडं नंतर मशाली घेऊन शिबूच्या दारात उभी राहतात. माणसं बदललेली नाहीत. टपरीवर ज्या ‘वेड्या’ला हसत होते, त्याचंच घर पेटवायला आलेत. आपण तासाभरापूर्वी त्यांच्याच बाकावर बसून चहा पीत होतो!

शिबूचा पहिला मोठा गुन्हाही बघा. तो बँक लुटतो, आणि ‘मिन्नल मुरली’ हे जेसनने घेतलेलं नाव स्वतःचं म्हणून सांगतो. कशासाठी? उषाच्या मुलीच्या ऑपरेशनला पैसे हवेत म्हणून. उषा म्हणजे तीच, जिच्यासाठी तो 28 वर्षं थांबलाय. ती दुसऱ्याबरोबर निघून गेली, मूल घेऊन परत आली, आणि हा अजून तिथेच. मग एका प्रसंगात ती त्याला हो म्हणते. फार काही घडत नाही त्यात. दोघं समोरासमोर उभे आहेत, आणि सोमसुंदरमच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत असे मिसळतात की कुठलं आधी आलं ते सांगता येत नाही. कॅमेरा हलत नाही, पंच येत नाही. इतर कुठल्याही विनोदी सुपरहिरो पिक्चरमध्ये इथे मागून कोणीतरी पडलं असतं. इथे कोणी पडत नाही. माझ्या मोजमापात हा प्रसंग सगळ्यात वर.

हा पिक्चर मी दिवाळीत आईबरोबर हिंदीत पाहिला. आईला सुपरहिरो वगैरेत काडीचा रस नाही. ती शेंगा सोलत बघत होती. हा प्रसंग आला तशी तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुढे गाव शिबूच्या मागे लागलं तेव्हा म्हणाली, ‘याला कोणी एकदा घरी जेवायला बोलावलं असतं, तर पिक्चर तासाभरात संपला असता.’ मी एवढा पाऊण तास बोललो, त्यातलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच आहे, आणि ते माझं नाही.

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर असाच एक माणूस असायचा. नाव सांगत नाही. बस लागली की तो कंडक्टरसारखा गावांची नावं ओरडायचा. अगदी बरोबर क्रमाने, एकही स्टॉप न चुकवता. लोक त्याला मुद्दाम चुकीचं गाव सांगून चिडवायचे, आणि तो चिडला की बघायला गर्दी जमायची. त्याचा कोणी व्हिलन झाला नाही, त्याच्यावर वीजही पडली नाही. तो एक दिवस यायचा बंद झाला एवढंच. कोणी विचारलं नाही. शिबूला बघताना तो मला आठवला, आणि टपरीवरच्या विनोदांना मी तिसऱ्या वेळी तितका हसलो नाही. पिक्चरने एवढं केलं तर त्याला ‘टाइमपास’ म्हणणं मला जमत नाही.

आता तक्रारी. त्या आहेत, आणि लहान नाहीत.

पहिली उषाबद्दल. गावाने लावलेल्या आगीत उषा मरते, आणि तिथून शिबू पूर्ण सुटतो. 1999 साली गेल सिमोन या लेखिकेने अमेरिकन कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादीच केली होती, ज्यांना फक्त पुरुष पात्राला पेटवण्यासाठी मारलं किंवा छळलं गेलं. यादीला नाव मिळालं ते 1994 च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकावरून, ज्यात हिरोच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. इतकी वर्षं झाली, कॉमिक्सवाल्यांना सुद्धा आता लाज वाटते, आणि आपण तेच करतोय. उषाच्या वाट्याला त्या एका प्रसंगाखेरीज स्वतःचं असं फार काही येत नाही. बिजीचंही तसंच. इतकं मस्त पात्र उभं केलं, हाणामारी येणारी बाई, आणि शेवटच्या मोठ्या लढाईत खरी झुंज पुन्हा दोन पुरुषांचीच.

दुसरी तक्रार जास्त टोचते. शेवटी शिबू सूड घ्यायला निघतो, जेसन गावाला वाचवतो, शिबू मरतो, आणि गाव टाळ्या वाजवतं. आपणही वाजवाव्यात अशी अपेक्षा आहे. मी वाजवल्या नाहीत. ज्या लोकांनी घर पेटवलं त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर पिक्चर दोन सेकंद थांबत नाही. हिशोब चुकता करायचाच असता तर एक छोटा प्रसंग पुरे होता. कोणीतरी जळलेल्या घरापाशी जाऊन नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. अडीच तासांहून मोठ्या पिक्चरमध्ये त्यासाठी जागा नव्हती हे मी मानायला तयार नाही. मधली पंधरावीस मिनिटं, विशेषतः जेसनच्या जुन्या प्रेमाची, सरळ कापता आली असती.

माझा एक मित्र यावर म्हणतो, ‘अरे विनोदी पिक्चर आहे, त्याच्याकडून काय न्यायनिवाडा मागतोस?’ मी मागतो, कारण त्याने स्वतःच तो विषय काढलाय. बोकडांच्या पिक्चरकडून मी हे मागितलं नसतं. शिबूला इतकं खरं केल्यावर त्याला सुपरहिरो पिक्चरच्या ठरलेल्या साच्यातून मारून टाकणं म्हणजे अवघड गणित अर्ध्यापर्यंत सुंदर सोडवून शेवटी पुस्तकामागचं उत्तर उतरवणं. वाईट याचं वाटतं की जमाव काय करतो हे या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मे 2020 मध्ये, लॉकडाउनच्या काळात, कालडीजवळ पेरियार नदीच्या काठी याच पिक्चरसाठी उभारलेला चर्चचा सेट काही लोकांनी येऊन तोडला होता. लाकूड, फ्लेक्स आणि रंगाचं ते चर्च, त्यात देव नव्हता की पाद्री नव्हता. ते सोसून पिक्चर पूर्ण केला, याचं कौतुक वेगळंच.

मग एकूण काय? मी दहापैकी मार्क देत नाही हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, पण नवीन लोक मागतात म्हणून असं सांगतो: भारतात झालेल्या सुपरहिरो पिक्चरमध्ये मी ‘मिस्टर इंडिया’नंतर याला ठेवतो. ‘क्रिश’च्या वर, ‘रा.वन’च्या तर खूपच वर. ‘भावेश जोशी’ मला आवडतो, मुंबईच्या पाण्याचा विषय धरायला हिंमत लागते, पण तो उत्तरार्धात हसायचं विसरतो.

मराठीचं विचाराल तर आपल्याकडे 2015 मध्ये निखिल महाजनचा ‘बाजी’ आला होता, श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावर. प्रयत्न प्रामाणिक होता. मला त्यात खटकलं ते एवढंच, की गाव नुसतं मागच्या पडद्यासारखं उभं होतं. बाजी नसताना तिथले लोक दिवसभर काय करत असतील याचा अंदाज येत नव्हता. कुरुक्कनमूलात कोण कोणाकडे उधारीवर चहा पितो ते आपल्याला माहीत असतं. मराठीत गाव उभं करणारे लेखक थोडे नाहीत, नाटकात तर पैशाला पासरी आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातात कोणीतरी कॉमिक द्यावं एवढीच विनंती.

कुठल्या भाषेत बघायचा? मराठी डब नाही. हिंदी आहे, आणि घरच्यांबरोबर बघायला तो ठीक आहे, शेंगा सोलत चालतो. पण एकटे असाल तर मल्याळम लावा आणि सबटायटल वाचा. सोमसुंदरम तमिळ माणूस, मल्याळम त्याने या भूमिकेसाठी शिकून घेतली. शिबू गावातच राहून गावाला परका, तो परकेपणा मला त्याच्या बोलण्यात ऐकू येतो. डबिंगमध्ये तेवढंच नेमकं पुसलं जातं.

पुढच्या भागात आपल्या घरचाच सुपरहिरो: मालेगावचा. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन कसा झाला, नासिर शेख यांनी त्याला हवेत कसं उडवलं, आणि फैजा अहमद खान यांनी त्यावर केलेली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी. ती आधी बघून ठेवा, तासाभराचीच आहे. त्या भागाला नाशिकचा एक मित्र पाहुणा म्हणून येणार आहे, त्याच्याकडचा माइक चालला तर.